श्रद्धेला सावधगिरीचे वावडे नाही

दैनंदिन जीवनात ईश्वरी संरक्षणावर विसंबण्याविषयीचा रविवारच्या अंकातील लेख वाचला. देवावर भार टाकल्याने संकटात मन स्थिर राहते, हे लेखकाचे म्हणणे मान्य. परंतु विश्वास पक्का असेल तर वेगळ्या खबरदारीची गरज नाही, हा लेखाचा सूर पटला नाही.

युरोपात कित्येक शतके वादळ आले की चर्चच्या घंटा वाजवत. वीज दूर पळावी हा त्यामागचा एक हेतू. वीज मात्र अनेकदा त्या उंच मनोऱ्यावरच पडे आणि ओला दोर ओढणारे घंटावादक जिवाला मुकत. त्यांची श्रद्धा तोकडी होती, असे म्हणण्याचे धाडस निदान मी तरी करणार नाही. पुढे १७५२ च्या सुमारास बेंजामिन फ्रँकलिन यांनी वीज जमिनीत उतरवणारा धातूचा दांडा सुचवला, तेव्हा हा देवाच्या कामात हस्तक्षेप असल्याची टीकाही झाली. तरीही व्हेनिसमधील सेंट मार्कच्या घंटाघरावर अठराव्या शतकातच तो बसवला गेला; त्याआधी ते घंटाघर अनेकदा विजेच्या तडाख्यात सापडले होते. दांडा आला म्हणून तिथली प्रार्थना काही थांबली नाही.

आणखी एक. लेखातले सारे अनुभव संकटातून वाचलेल्यांचे आहेत. जे वाचले नाहीत, त्यांनीही देवाचा धावा केलाच असेल. त्यांच्याविषयी लेखात एकही ओळ नाही.

– एक वाचक