ध्वनिमुद्रण करणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

मी उतरले होते त्या टीव्ही स्पर्धेचा भाग संपल्यावर श्रेयनामावली इतक्या वेगाने सरकली की आपले नाव मला वाचता आले नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

कुलाब्याच्या मुकेश मिलमध्ये, १९८२च्या आगीनंतर ओस पडलेल्या त्या भिंतींच्या आत, मला काळोखात एकटीला बसवले होते. इन्फ्रारेड कॅमेऱ्याला मी स्पष्ट दिसत होते, मला मात्र माझा हातही दिसत नव्हता. आवारातले बारीकसारीक आवाज वाढवून इअरफोनमधून ऐकवले जात होते आणि त्यात कुजबुज ऐकू येताच मी चित्रीकरण थांबवण्याची विनवणी केली. "रडू दे, छान येतंय," असे उत्तर वॉकीटॉकीवर आले. आदल्या दिवशी माझ्या आईला माझ्या सुरक्षिततेचा शब्द देणाऱ्यांपैकी एकही जण जागचा हलला नाही.

आपण हललात. मी दचकू नये म्हणून लांबूनच नावाने हाक मारलीत, चालू कॅमेऱ्यासमोरून येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसलात आणि माझ्याच ओढणीचे टोक माझ्या हातात देऊन म्हणालात, "हे जरा माइकवर घासून बघ." मी घासले आणि तीच कुजबुज कानात आली. मी वेडी आहे असे आपण म्हणाला नाहीत, हसलाही नाहीत. माझा श्वास शांत होईपर्यंत बसून राहिलात. शॉट वाया गेला म्हणून आपल्याला सर्वांदेखत ऐकून घ्यावे लागले, याचे मला अजूनही फार वाईट वाटते.

इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत जाणवणाऱ्या भीतीचा माग काढत व्हिक टँडी हे अभियंते एका पंख्यापर्यंत पोहोचले होते, असे मी नंतर वाचले. कानाला ऐकू न येणारा, सुमारे १९ हर्ट्झचा त्याचा कंप हे त्या भीतीचे कारण असावे, असे त्यांनी १९९८च्या लेखात मांडले. वाचताना आपलीच आठवण झाली. घाबरलेल्या माणसाला खोटे न ठरवता त्याच्या भीतीचे कारण त्याच्याच हाती ठेवणे, हा सभ्यपणा मला त्या रात्री फक्त आपल्याकडून मिळाला.

प्रक्षेपित भागात माझे रडणे आहे, आपले येणे नाही. ते कापले गेले, तरी घडले होते, हे सर्वांना कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. आईने आपल्याला नमस्कार सांगितला आहे.

आपली कृतज्ञ,
त्या भागातील एक स्पर्धक