टिटोच्या आजीबद्दल

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत वॉल्टर डीन मायर्स ह्या अमेरिकन लेखकाच्या 'स्कॉर्पिअन्स' कादंबरीवर परीक्षण आलंय ते वाचलं, आणि काल दिवसभर पिको-फॉल करताना तेच डोक्यात घोळत होतं म्हणून आज लिहायला बसले. परीक्षण छान लिहिलंय, भाषा तर फारच छान. पण बंदुका नि टोळ्या हे तिकडे न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं, आपल्या नववी-दहावीच्या पोरांच्या हातात कशाला द्यायचं, असं तुमचे परीक्षणकार विचारतात. साहेब कधी हडपसरला आलेत का?

पुस्तक १९८८ चं, न्यूबेरी ऑनर हा तिकडचा बालसाहित्याचा मान मिळालेलं, हे सगळं परीक्षणात आहे. त्यातला नायक जमाल फक्त बारा वर्षांचा आहे, हे मात्र राहिलं. 'टोळीत शिरतो' म्हणे! शिरत नाही हो, ढकलतात त्याला. भाऊ तुरुंगात, अपिलासाठी वकिलाला पैसे हवेत, आईचा जीव तिकडे अडकलेला, आणि टोळीतला तो मॅक भावाचा निरोप घेऊन येतो की आता टोळी तू सांभाळ, वर हातात पिस्तूल ठेवतो. आता ह्यात पोरानं काय निवडलं?

आणि जमालच्या जिवलग मित्राला, टिटोला, तुम्ही एका ओळीत उडवलंत त्याचा मला जास्त राग आला. जमालसाठी पिस्तूल घरात ठेवून घेतो तो. त्याच्या आजीला ते सापडतं आणि ती त्याला घराबाहेर काढते, तर तुम्ही आजीला कठोर ठरवून मोकळे.

मुलीनं लायब्ररीतून आणलं होतं, माझं इंग्रजी बेताचं, महिना लागला वाचायला, पण त्या आजीपाशी आले आणि पुढे दोन दिवस पुस्तक उघडलंच नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या कॉटखाली मला कोयता सापडला होता. माझ्याच दुकानातल्या अस्तराच्या गुलाबी कापडात गुंडाळलेला, वर रबरबँड. "आई, एकाच रात्रीसाठी ठेवायला दिलाय, भाईला नाही कसं म्हणू?" आधी चौकातल्या पोरांना वडापाव आणून दे, मग कुणाची गाडी पुसून दे, मग हे. मीपण त्याला बाहेर काढलं. रात्री अकरापर्यंत पायरीवर बसला होता, मी दाराच्या आतल्या बाजूला बसून होते, जेवलं कुणीच नाही. पहाटे भाजीच्या पिशवीत घालून कोयता कालव्यात टाकला. पोलिसांत का नाही गेलात असं परीक्षणकार विचारतील, तर आधी त्यांनी आमच्या गल्लीत राहून दाखवावं. मुलाला बहिणीकडे साताऱ्याला ठेवला. टिटोपण शेवटी पोर्टो रिकोला जातो, पण त्याच्या हातून गोळी सुटल्यावर. शेवट तुम्ही फोडलाच आहे म्हणून मीही लिहिते, नाहीतर तसं करू नये एवढं आम्हालाही कळतं.

आणखी एक. त्याच अंकात आतल्या पानावर एका 'युवा नेतृत्वा'च्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात आहे, खाली शुभेच्छुकांचे बारीक बारीक फोटो. त्यातल्या डावीकडून तिसऱ्याचा शाळेचा युनिफॉर्म मीच शिवलाय, यंदा दहावीला आहे तो. पुस्तक पोरांना द्यावं की नाही ह्यावर तुम्ही तीन कॉलम लिहिलेत, जाहिरात घेताना शुभेच्छुकांची वयं कुणी विचारली होती का?

एक वाचक, हडपसर