सिस्टर, तुमच्या ट्रॉलीबद्दल

आदरणीय सिस्टर,
सा. न.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात माइक हातात आला आणि ‘सिस्टरांकडून खूप शिकले’ एवढंच बोलून मी खाली बसले. काय शिकले, ते राहूनच गेलं.

2009 साली उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमधल्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा मी शिकत होते. तपासणीवर व्याख्यानं भरपूर ऐकली. पण गर्भाशयमुखावरचा खराब भाग लूपने, म्हणजे करंटच्या तारेच्या फासाने, काढायचा, तर टेबलाशेजारी काय काय मांडून ठेवायचं, हे तुम्ही दाखवलंत.

माझी पहिली लीप, म्हणजे लूपने तो भाग काढायची शस्त्रक्रिया, आठवते? योनी उघडी धरायचा स्पेक्युलम माझ्या हातातून घेऊन तुम्ही खिडकीपाशी गेलात आणि पात्यावरून नख फिरवलंत. करंट अडवणाऱ्या लेपाला केसाएवढा चरा होता. “मॅडम, इथून करंट बाईला भाजेल.” दुसरा निर्जंतुक होऊन येईपर्यंत आम्ही थांबलो. मी मनातून चिडले होते, आज कबूल करते.

पुढे लेपाचे नवे स्पेक्युलम मागवले, तर ‘स्टीलचे आहेत की’ असा शेरा मारून फाइल दोनदा परत आली. तिसऱ्यांदा तुम्ही तो चरा गेलेला स्पेक्युलमच फाइलला बांधून पाठवलात!

मग करंट परत नेणारी ती मांडीवरची प्लेट. त्या मावशींनी मांडीला खोबरेल चोपडलं होतं. तुम्ही साबणाने पुसून, कोरडं करून, प्लेट तळव्याने दाबून बसवलीत. कुठे उचलली गेली तर तिथेच कातडी भाजते. बधिर करायच्या इंजेक्शनच्या आधी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालात, “छातीत धडधडेल हं, औषधाचं आहे, लगेच जाईल.” इंजेक्शनातल्या अॅड्रिनलिनचं हे मी सांगायला हवं होतं. धुराचं सक्शन सुरू झाल्याशिवाय मला करंटच्या पॅडलला पाय लावू दिला नाहीत. रक्त थांबवायला करंटचा गोल टोकाचा बॉल तयार, त्यासाठीचीच मॉन्सेल पेस्ट श्रीखंडासारखी घट्ट. पातळ दिसली की बाजूला. काढलेला तुकडा ठेवायच्या फॉर्मॅलिनच्या बाटलीवरचं नाव पेशंटला विचारूनच लिहायचं.

तुमच्या हातची यादी ट्रॉलीला अजून चिकटलेली आहे. ‘लूप : 10, 15, 20’च्या खाली नुसतं ‘खिडकी’ लिहिलंय. नव्या मुली विचारतात, मॅडम, हे कुठलं इन्स्ट्रुमेंट?

तुमची,
ऑपरेशन थिएटरातली मॅडम