मामांचं मशीन भंगारात देऊ नका

हिल्सबरो, ओरेगन
१९ जानेवारी

ती. अण्णा आणि आईस,
सा. न. वि. वि.

सोलापूरच्या गड्डा जत्रेचे फोटो मिळाले. बाराबंदी घातलेला पिंट्या आधी ओळखूच आला नाही, एवढा रुबाबदार दिसतोय. शेंगाचटणीही पोचली. पुडा फुटला नव्हता. आम्ही तिघं ठीक आहोत, थंडी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचे प्रश्न संपले.

आता मुद्द्याचं. परवा फोनवर अण्णा म्हणाले, "एवढं कॉम्प्युटरचं शिकून तिकडं भंगारच गोळा करायचं होतं, तर अशोक चौकात गाळा घेऊन दिला असता." आई इतकी हसली की माझं उत्तर राहूनच गेलं. त्याच फोनवर जाता जाता कळलं, की सांगोल्याच्या मामांचं झाडं कापायचं मशीन जाम झालंय आणि ते किलोच्या भावानं भंगारवाल्याला द्यायचं ठरलंय. दोन्हीचं उत्तर एकच आहे, म्हणून हे लांबलचक पत्र.

आमचं गाव पोर्टलँडच्या पश्चिमेला. गावाबाहेर पडलं की डग्लस फरची झाडं सुरू होतात, शंभर-दीडशे फूट सहज. खेड्याकडच्या बऱ्याच घरांत अजून लाकडाची शेगडी पेटते, त्यामुळे आपल्याकडं घरटी कोयता तसं इथं घरटी चेनसॉ, म्हणजे मामांकडं आहे तसं झाडं कापायचं मशीन. हिवाळ्यात कधी कधी पाऊस पडता पडताच गोठतो, फांद्यांवर बर्फाचं कवच चढतं आणि त्या वजनानं झाडं कडाकड मोडून घरांवर, तारांवर पडतात. जानेवारी २०२४ मध्ये असंच झालं होतं, वीज जाऊन लोक गारठून बसले होते. अशा वेळी जो तो गॅरेजमधून मशीन बाहेर काढतो. आत पेट्रोल कधीचं, त्यालाच आठवत नाही. दोरी ओढून खांदा निखळतो, मशीन ढिम्म. दुकानदार सांगतो, दुरुस्तीची मजुरीच जास्त होईल, नवं घ्या. मग जुनं कोपऱ्यात जातं, आणि एखाद्या शनिवारी घरासमोर टेबल मांडून जुन्या कपबश्या आणि सायकलींबरोबर विकायला येतं. तिथं मी असतो.

विकणारा हमखास म्हणतो, "शेवटी चालवलं तेव्हा मस्त चालत होतं." ते खरंच असतं. शेवटी म्हणजे कधी, एवढाच प्रश्न.

मला आवडतात ती ऐंशी-नव्वदच्या दशकातली मशीनं. स्टिलची ०२६ किंवा ०४४, हस्क्वार्नाची ६१ किंवा २७२. स्टिल ही जर्मन कंपनी १९२६ पासूनची. हस्क्वार्ना स्वीडनची, १६८९ मध्ये बंदुकांचा कारखाना म्हणून सुरू झालेली. पुढं १८७२ पासून त्यांनी शिलाई मशीनं काढली (हे आईसाठी), आणि झाडं कापायचं पहिलं मशीन आलं १९५९ मध्ये. या जुन्या मशीनची खोकी मॅग्नेशियमची असतात, सगळं स्क्रूवर उघडतं आणि सुटे भाग अजून मिळतात. याच ताकदीचं नवं मशीन हजार डॉलरच्या आसपास जातं. बंद पडलेलं जुनं पन्नास-शंभरात. पण पैसे वाचतात म्हणून करतो असं म्हटलं तर मेधा हे पत्र पोस्टात टाकू देणार नाही. तिनं पार्ट्सची बिलं बघितली आहेत.

घेण्याआधी मी दोन गोष्टी बघतो. दोरीची मूठ धरून मशीन हवेत लोंबतं सोडतो. कॉम्प्रेशन असेल, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जात असेल, तर ते गचके खात सावकाश खाली येतं. सरकन खाली आलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. दुसरी गोष्ट म्हणजे सायलेन्सर. दोन-तीन बोल्ट काढले की तो हातात येतो आणि मागं धूर बाहेर पडायचं भोक दिसतं. त्यात टॉर्च मारायचा आणि दोरी हळूहळू ओढून पिस्टन वर-खाली करायचा. चांगला पिस्टन राखाडी असतो, कातकामाच्या बारीक आडव्या रेघा त्यावर अजून दिसत असतात. जळालेल्या पिस्टनवर उभे ओरखडे असतात आणि रिंग ॲल्युमिनियमच्या लेपाखाली चिकटून बसलेली असते.

अण्णा, हे ओरखडे तुम्हाला दाखवायची फार इच्छा आहे. नुसत्या धुराच्या बाजूला असतील तर मशीन तेलाशिवाय चाललंय, किंवा त्याला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळालंय. ती बाजू सगळ्यात जास्त तापते, त्यामुळे आधी तिथंच धरतं. हवा आत येते त्या बाजूला पिस्टन मळकट आणि घासल्यासारखा दिसला तर फिल्टर फाटका होता, भुसा आत गेला. चारी बाजूंना खुणा असतील तर बहुतेक वेळा सिलिंडर गार ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांमध्ये भुसा ठासून भरलेला सापडतो. वारा लागायला जागाच राहिलेली नसते, मशीन जागच्या जागी उकडून निघतं.

नवा पिस्टन बसवून मशीन चालू करायला फारशी अक्कल लागत नाही. इथं पुष्कळ जण तेवढंच करतात आणि विकून मोकळे होतात. पण आधीचा कशानं गेला हे न शोधता घातलेला पिस्टन पहिल्या-दुसऱ्या टाकीतच जातो. यंत्रमागांच्या शेडमध्ये धोटा उडाला की तुम्ही नवा धोटा हातात घेण्याआधी मागाभोवती एक फेरी मारायचात, मालक घड्याळ बघत उभा असला तरी. धोट्याला टोला देणारा पिकर बघायचात, पट्टा बघायचात, हात लावून ढिलाई बघायचात. माग दुरुस्त करणारे बाकीचे जॉबर तोवर दुसऱ्या मागावर गेलेले असायचे आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा त्याच मागावर परत आलेले असायचे. मी गॅरेजमध्ये जे करतो ते यापेक्षा वेगळं काही नाही. भंगार गोळा करतो म्हणा, पण ते कशामुळे भंगार झालं ते शोधण्यात माझा शनिवार जातो.

बहुतेक वेळा चोर असते हवा. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना रबरी सील असतात. वर्षानुवर्षं पडून ते कडक होतात आणि तिथून जादा हवा आत शिरते. कार्बोरेटर कितीही नीट लावा, मिश्रण पातळच राहतं. हे शोधायला कार्बोरेटरचं आणि सायलेन्सरचं तोंड रबराच्या तुकड्यानं बंद करायचं, हातपंपानं अर्धा बार हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. काटा पडायला लागला की साबणाचं पाणी. क्लचच्या मागून फेस आला की सापडलं. मग उलटंही करायचं, पंपानं हवा ओढून बघायचं, कारण काही सील दाबाखाली टिकतात आणि ओढीखाली गळतात.

सील बदलायला क्लच काढावा लागतो आणि त्याचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतो. पिस्टन हलू नये म्हणून प्लगच्या भोकातून दोरी आत सारायची, टोक बाहेर ठेवून. याच कामाचा तयार स्टॉपर बाजारात मिळतो, पण दोरी पिस्टनला इजा करत नाही. माझी दोरी म्हणजे आईनं लोणच्याच्या बरणीला गुंडाळून पाठवलेलं सूत, चार पदरी वळलेलं. तेल पिऊन काळं झालंय पण एक पदर तुटला नाही.

सिलिंडरची गंमत वेगळीच. त्याच्या आतून निकेलचा किंवा क्रोमचा कठीण थर असतो. पिस्टनचं ॲल्युमिनियम त्यावर फासलं जातं आणि बघणाऱ्याला वाटतं सिलिंडर गेला. पुष्कळदा तो शाबूत असतो. फरशी धुवायचं ॲसिड कापसाच्या काडीनं नेमकं त्या डागावर लावायचं. ॲल्युमिनियम फसफसून विरघळतं, खालचा थर निकेलचा असेल तर तो तसाच राहतो. क्रोमवर मात्र हे ॲसिड लावायचं नाही, ते क्रोमही खातं. फेस थांबला की काम झालं. भरपूर पाण्यानं धुवायचं, बारीक पॉलिश पेपर फिरवायचा आणि मग नख फिरवून बघायचं. नख कुठं अडकलं तर थरच उडालाय, तो सिलिंडर गेला. भोकांच्या कडांना मात्र ॲसिड लागू द्यायचं नाही, तिथं उघडं ॲल्युमिनियम असतं. हे सगळं उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. आई, घालतो.

पिस्टन बसवताना त्यावरचा बाण धुराच्या बाजूला ठेवायचा, रिंगेची तोंडं खाचेतल्या खुंटीवर आणायची आणि क्रँकच्या तोंडात फडकं कोंबायचं, कारण पिनेची क्लिप उडाली की ती बरोबर तिथंच पडते.

राहिला कार्बोरेटर. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो, पण हे मशीन आडवं, तिरकं, उलटं कसंही धरावं लागतं, म्हणून यात फ्लोटऐवजी पातळ लवचिक पडदा असतो. तो कडक झाला की संपलं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल, आपल्याकडं आता वीस. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना ते लाभलं असेल, या पडद्यांना आणि जुन्या नळ्यांना मानवत नाही. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल जळेपर्यंत मशीन चालवायचं आणि मगच ठेवायचं.

शेवटचं काम कानाचं. लाकडात न घालता पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की आवाज जरा फाटका, गुरगुरता यायला हवा. लाकडाला टेकलं की तोच आवाज स्वच्छ होतो. मोकळ्या हवेतच स्वच्छ किंचाळत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. आरपीएम मोजायचा मीटर माझ्याकडं आहे, आणि नव्या मशीनवर तो लागतोच. तरी पहिला अंदाज कानानं घेतो. शेडच्या दारातूनच "तिसऱ्या ओळीतला लंगडतोय" सांगणाऱ्या माणसाच्या पोराला तेवढं जमायला हवं.

एक गोष्ट पिंट्याला वाचून दाखवा. आज जगात जी चेन वापरतात तिचा आकार इथल्याच जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला सुचला. १९४६ मध्ये तो एका बुंध्यातल्या भुंग्याच्या अळीकडं बघत बसला होता. ती लाकडाच्या रेषेबरोबर आणि रेषेला आडवं, दोन्हीकडून सारख्याच सहज पोखरत होती, वाकड्या जबड्यानं डावीकडून उजवीकडं आणि परत. त्यावरून त्यानं डाव्या-उजव्या वळलेल्या दातांची चेन बनवली आणि पुढच्या वर्षी पोर्टलँडमधल्या घराच्या तळघरातून विकायला सुरुवात केली. त्याआधीच्या चेनला हातकरवतीसारखे दात असायचे आणि सारखी धार लावावी लागायची.

आईला भीती वाटते ती पायाची. चालवताना मी एक जाड पँट घालतो. अण्णा, तिचं कापड तुम्ही हातात घेऊन बघण्यासारखं आहे. वरच्या कापडाखाली लांब, चिवट धाग्यांचे सैल थर असतात. चेन लागली की हे धागे मुद्दाम बाहेर ओढले जातात, चेनच्या चक्रात गुंडाळतात आणि मशीन जागीच अडकतं. आयुष्यभर आपण धागा कुठं गुंतू नये म्हणून राबलो, इथं गुंतावा म्हणून विणतात. मामा लुंगीवर बाभूळ तोडतात, त्यांना एकदा समज द्या.

आता मामांचं मशीन. आईच्या सांगण्यावरून कळलं, की कुणीतरी मागून नेलं होतं आणि परत आलं ते बंद. माझा संशय, साधं पेट्रोल भरून चालवलंय. या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नसते, पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक तेल मिसळावं लागतं, लिटरला २० मिली. चेनच्या तेलाची टाकी वेगळी, लोकांची तिथं गफलत होते. पिंट्या रविवारी मोकळा असेल तर त्याला सांगोल्याला पाठवा. प्लग काढून दोरी ओढून बघायची. तरीही हलली नाही तर जोर करायचा नाही. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टनचा फोटो काढायचा, टॉर्च तिरका धरून, म्हणजे ओरखडे उठून दिसतील. खोक्यावरचा मॉडेल नंबर आणि चेनच्या पट्टीवर बुडाशी कोरलेले आकडे, यांचेही फोटो हवेत. एअर फिल्टर काढला असेल तशाच घाणीसकट दाखवायचा, धुवून नाही.

नंबर कळला की पिस्टनचा संच आणि सील मार्चमध्ये येताना बॅगेत टाकतो, अण्णा आणि मी मिळून एका दुपारीत उघडू. सिलिंडरचा थर उडालेला निघाला तर भंगारवाल्याला द्यायला माझी ना नाही. फक्त कार्बोरेटर, कॉइल आणि क्लच काढून घेतल्याशिवाय तराजूवर ठेवू देऊ नका.

मेधाचा आणि छोटीचा नमस्कार.

आपला,
सुधीर