मा. आरोग्यमंत्री साहेब, पुण्यात औंधला एक अॅक्युपंक्चरची ओपीडी सुरू करा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, माझी आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची झीज, वर शुगर. पेनकिलर खाऊन खाऊन अॅसिडिटी एवढी वाढली की रात्री झोप नाही, आणि झोप नाही म्हणून दुखणं अजून जास्त. मग कोणीतरी सांगितलं म्हणून अॅक्युपंक्चरला, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचाराला, नेलं. पहिला जो माणूस भेटला त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं, शुगरच्या गोळ्या बंद करा, सुयांनी सगळं जाईल. आम्ही तिथूनच उठलो.

दुसऱ्या डॉक्टर रजिस्टर्ड होत्या. गुडघा बघायच्या आधी पाऊण तास नुसत्या विचारत होत्या, झोप कशी, पोट साफ होतं का, पाय गार पडतात का, बाबा गेल्यापासून घरी कोणाशी बोलता, मग जीभ बघितली, दोन्ही हातांची नाडी बघितली. आई नंतर रिक्षात म्हणाली, अगं इतकं मला कोणी विचारलंच नव्हतं. केसासारखी बारीक सुई, पाकीट समोर फोडलं, गुडघ्याखाली चार बोटांवर एक, अंगठ्याच्या बेचक्यात एक, अशा आठ-दहा, वीस मिनिटं. मुंग्या आल्यासारखं होतं म्हणे, बाकी काही नाही. आणि गोळ्या तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमी करायची नाही हे दोनदा बजावलं. दहा सिटिंगनंतर आई पीएमपी बसच्या पायऱ्या दांडी धरून एकटी चढते. झीज गेली नाही, ती जाणारही नाही, पण झोप लागते आणि पेनकिलर आठवड्यातून एखादीच.

आता मुद्दा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचेही गुडघे असेच, वय ५२, टेकडीवरच्या जनता वसाहतीतून रोज चढउतार. एका सिटिंगचे ५०० रुपये त्यांनी कुठून आणायचे? त्या मेडिकलमधून गोळी घेतात आणि भांडी घासतात.

आपल्या राज्यात अॅक्युपंक्चरचा कायदा आहे, २०१५ चा, कौन्सिल आहे, नोंदणी आहे, केंद्रानेही २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, ज्याचं दुसरं स्पष्ट कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यासाठी हा पर्याय आहे, जर्मनीत गुडघा आणि कंबरेसाठी सरकारी विमा पैसे देतो. आणि या विद्येशी आपलं नातं तर त्याहून जुनं, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले त्याच पथकातले डॉ. बिजॉय बसू पुढे ही विद्या शिकून १९५९ मध्ये कलकत्त्याला घेऊन आले.

म्हणून कळकळीची विनंती, औंधचं जिल्हा रुग्णालय तुमच्याच खात्याचं आहे, तिथे आठवड्यातून दोन दिवस अॅक्युपंक्चरची ओपीडी सुरू करा, हाडांच्या ओपीडीच्या शेजारीच, म्हणजे एकाच केसपेपरवर दोन्ही डॉक्टर लिहितील आणि कोणी कोणाची गोळी परस्पर बंद करणार नाही. खोली, चार कॉट, डिस्पोजेबल सुया, एक नोंदणीकृत माणूस, यापेक्षा जास्त काही लागत नाही हो. आणि प्रत्येक क्लिनिकच्या दारावर नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरात लावायची सक्ती करा, पहिल्या माणसाकडे आम्ही फसता फसता वाचलो, सगळे वाचतीलच असं नाही.

सिंहगड रोडवरून औंध लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतात. मावशींना मी विचारलं, जाल का? म्हणाल्या, सकाळची कामं उरकून दुपारी जाईन की, तुम्ही वार तेवढा सांगा.

आपली,
सिंहगड रोडची एक रहिवासी