गोळीचा रंग बदलला आणि तीन दिवस वाया गेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनाच्या सुमारास, वर्तमानपत्रांत स्मृतिभ्रंशावर लेख येतात. मी ते कापून ठेवतो. त्यांत लक्षणे असतात, तपासण्या असतात, घरच्यांनी संयम ठेवावा असेही असते. पण ज्या माणसाला आपण गोळी घेतली की नाही हेच आठवत नाही, त्याच्या पोटात ती रोज कशी जायची, यावर फारसे काही वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र.

मी एस. टी.तून वाहक म्हणून निवृत्त झालो. पत्नीला चार वर्षांपासून अल्झायमर आहे. तिचे वय ७१. जोडीला रक्तदाब आणि साखर. पहिले वर्षभर ती आपल्या गोळ्या आपणच घेत असे, निदान आम्ही तसे धरून चाललो होतो. दिवाळीआधी तुळशीवृंदावनातली माती बदलायला काढली, तेव्हा बोटभर खाली गोळ्या सापडल्या. काहींचा नुसता पांढरा डाग उरला होता, चार-पाच शाबूत होत्या. तिने त्या लपवल्या नव्हत्या. सकाळी तुळशीला पाणी घालायला जाताना गोळी हातात असायची, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत हातातल्या गोळीचा विसर पडायचा. आम्ही मात्र डॉक्टरांना सांगत होतो की गोळ्या नियमित चालू आहेत, आणि साखर वाढते म्हणून ते डोस वाढवत होते.

मग गोळ्या मी ताब्यात घेतल्या. तरी चूक झालीच. मुलगी माहेरपणाला आली होती. तिने रक्तदाबाची गोळी दिली. मी बाजारातून आल्यावर विचारले, तर पत्नी म्हणाली, "नाही हो, कुठे घेतली?" मी पुन्हा दिली. दुपारी पलंगावरून उठताना भोवळ आली, कपाळाला तीन टाके पडले. तिच्या शब्दावर विसंबायला नको होते. ते मला कळायला हवे होते.

नोकरीत टप्पा आला की वेबिलावर तिकिटांचे आकडे मांडायचे, ही तीस वर्षांची सवय. तशीच एक वही आता स्वयंपाकघराच्या दाराला टांगली आहे, पेन्सिल दोरीने बांधलेली. तारीख, वेळ, गोळीचे नाव, देणाऱ्याची सही. सही गोळी गिळल्यावर करायची, आधी नाही. घरात कोणीही पाहुणा येवो, गोळी द्यायची तर आधी वही बघायची.

पण वही गोळी गिळवत नाही. "औषध घे" म्हटले की तिचे ओठ मिटत. समजावले, रागावलो, मुलाला फोन लावून दिला. काही उपयोग नाही. एका एकादशीला पूजा झाल्यावर मी तीर्थ देत होतो. तिने आपणहून उजव्या हाताची ओंजळ केली, खाली पदर धरला, तीर्थ घेतले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. माझे नाव तिला त्या दिवशी आठवत नव्हते. पण तीर्थ कसे घ्यायचे हे हाताला पक्के ठाऊक होते. दुसऱ्या दिवशीपासून पूजेनंतर तिच्या तळहातावर आधी गोळी ठेवतो, "ही डॉक्टरांची गोळी" असे सांगून, मग पळीभर पाणी. तेवढ्यावर गोळी उतरत नाही, म्हणून मागोमाग फुलपात्र भरून पाणी. ती बसलेली असते, मान किंचित पुढे. गोळी गेल्यावर दोन शब्द बोलायला लावतो, म्हणजे गालात राहिली असेल तर कळते.

काही दिवस ती मला ओळखत नाही. "दादा, आमचे मालक ड्युटीवर गेलेत, तुम्ही मागाहून या," म्हणते. अशा वेळी मी हट्ट करत नाही. बाहेर चक्कर मारून पाव तासाने कडी वाजवून येतो. बहुतेक वेळा तेवढ्यात मी पुन्हा तिचा मालक झालेला असतो.

दोन चुका इतरांकडून होऊ नयेत म्हणून लिहितो. गोळी गिळत नाही म्हणून मी साखरेची गोळी खलबत्त्यात कुटून केळ्यात दिली. डॉक्टरांनी ते लगेच थांबवले. नावापुढे 'एसआर' असलेली गोळी दिवसभर हळूहळू विरघळायची असते, कुटली की सगळे औषध एकदम अंगात जाते. दुसरे, सर्दीसाठी औषधाच्या दुकानातून न विचारता गोळी आणली. दोन रात्री ती भिंतीशी बोलत होती. मेंदूत निरोप पोचवणारे एक रसायन या आजारात कमी पडते, तिची डोनेपेझिलची गोळी ते टिकवून धरते. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत असणारे क्लोरफेनिरामिन नेमके त्याच रसायनाला अडवते. म्हणजे एका हाताने देत होतो आणि दुसऱ्याने काढून घेत होतो.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. गेल्या महिन्यात दुकानात डोनेपेझिलची नेहमीची कंपनी नव्हती. दुसऱ्या कंपनीची दिली. औषध तेच, ताकद तीच, पण पांढऱ्या गोळीच्या जागी पिवळी. तिने ती तळहातावर उलटीसुलटी करून पाहिली आणि माझ्या हातात परत ठेवली. "ही माझी नव्हे. ज्याची असेल त्याला देऊन या." तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी भाच्याने कोल्हापूरहून जुन्या कंपनीची स्ट्रिप आणली तेव्हा घडी बसली. चार वर्षांत तिने जे थोडे धरून ठेवले आहे, त्यात ती पांढरी गोळी आहे.

म्हणून औषध दुकानदारांना विनंती. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे औषध असेल तर कंपनी शक्यतो बदलू नका, बदलावी लागली तर आठवडाभर आधी सांगा. स्ट्रिप कापून सुट्या गोळ्या देता तेव्हा नाव आणि मुदत दुकानातल्या तुकड्यावर राहते. कागदी पाकिटावर ती मराठीत लिहून द्या. डॉक्टरांनाही विनंती, '१-०-१' च्या शेजारी 'सकाळी आणि रात्री, जेवणानंतर' इतके लिहावे. आणि नातेवाईक सगळ्या गोळ्या पिशवीत घालून दाखवायला आणतील तेव्हा पाच मिनिटे द्यावीत. आमच्या डॉक्टरांनी ती दिली. दिवसातून चार वेळा असलेल्या गोळ्या दोन वेळांवर आल्या. तिन्हीसांजेला ती घाबरते, घरी जायचे म्हणते, म्हणून रात्रीची डोनेपेझिल त्यांनी सकाळवर आणली.

साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. त्यातले कितीतरी आमच्यासारखे, घरात दोनच म्हातारी माणसे असलेले असतील.

पत्र छापून आले तर त्याचे कात्रण आमच्या औषध दुकानाच्या काउंटरवर लावायला देणार आहे. दुकानदारांनी हो म्हटले आहे.

आपला,
एक निवृत्त एस. टी. वाहक, कराड
(पत्नीच्या खासगीपणासाठी नाव छापू नये, ही विनंती.)