नाईट उतरल्यावर आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर 'ड्युटी कशी चाललीय' विचारलंत की मी 'बरी' म्हणून टाळते. आज नाईट उतरले, झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

परवा दीड वर्षांचं एक पोर घरी सोडायचं होतं. जुलाबानं आलेलं. त्याच्या आईला मी ओआरएसचं सगळं सांगितलं. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं, झिंकची गोळी जुलाब थांबले तरी १४ दिवस. 'कळलं का?' तिनं मान हलवली. सगळ्याच हलवतात, सिस्टरला 'नाही' म्हणायची छाती कुणाची होते? मग पाकीट तिच्याच हातात दिलं, म्हटलं, माझं सांगायचं काही राहिलं असेल, तू करून दाखव बघू. तिनं चिमूटभर पूड पेल्यात टाकली आणि पाकीट दुमडून पदराला बांधायला लागली. पुरवून पुरवून वापरायचं म्हणून! शेवटी सासूनं पिशवीतली लिटरची बाटली काढली, तेव्हा माप जमलं. घरी पाजणारी सासूच होती आणि मी तिला बाहेर बसवलं होतं.

घरच्यांना असं काळजीत सोबत घेण्याला पुस्तकात 'कुटुंबकेंद्रित शुश्रूषा' असं जडजंबाल नाव आहे. इंग्लंडात १९५९ साली प्लॅट समितीनं सांगितलं, वॉर्डातल्या मुलांना भेटायला आईबापांना वेळेचं बंधन नको. आपल्याकडे नवजात कक्षांत आईबापांना आत घेऊन बाळाची काळजी शिकवायची मार्गदर्शिका केंद्र सरकारनं २०१७ मध्ये काढली. खोटं कशाला बोलू, वॉर्ड भरलेला आणि आम्ही दोघीच असलो की यातलं निम्मं राहून जातं. अशा वेळी मीही खेकसते.

आई, मला न्यूमोनिया झाला होता तेव्हा तुला दाराबाहेर ठेवलं होतं ना? डॉक्टर बोलले ते बाबांशी. बाबा, तुम्ही बाहेर येऊन 'ठीक आहे' एवढंच म्हणालात. काचेतून माझ्या तोंडावरचा मास्क बघून तुला वाटलं, संपलं सगळं. हे तू मला सांगितलंस तेसुद्धा मी नर्सिंगला गेल्यावर.

आता नेब्युलायझरचा मास्क मी आधी आईच्या हातात देते. औषधाचीच वाफ आहे, घाबरू नको, तूच धर, म्हणते. पोरंही कमी रडतात.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील. या खेपेला काय बदललंय ते आई, तू स्वतः डॉक्टरांना विचार.

तुमची,
ताई